जाडा आवाज

मामा गाडीत बसले की आधी उजव्या पायातली चप्पल काढायचे, ती सीटखाली सरकवायचे आणि मगच किल्ली फिरवायचे. उन्हाळ्यात पत्रा तापलेला असो की पावसात पायाला चिखल लागलेला असो, अनवाणी पाय टेकल्याशिवाय गाडी जागची हलायची नाही. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, काहीतरी नवस असेल. कोल्हापुरात कोण कशासाठी अनवाणी राहील सांगता येत नाही, म्हणून विचारलं नाही.

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मी तेव्हा नुकतीच लॅबमध्ये नोकरीला लागले होते. मामा तिथल्या फेटलिंग विभागाचे सुपरवायझर. बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, भाग ओतून गार झाले की त्यांचे वाढलेले काठ ग्राइंडरवर घासून काढतात, ते हे खातं. तीस वर्षं त्याच शेडमध्ये काढलेली. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर असेल तेवढंच. मालकापासून चहावाल्यापर्यंत सगळे त्यांना मामा म्हणायचे. मी कावळा नाक्यावर बसची वाट बघत उभी असायचे. एका सकाळी एक लाल, लहान, रंग उडालेली गाडी समोर थांबली आणि आतून गर्जना झाली, "पोरी, आपल्या लॅबातली न्हवं का तू? बस की! रिकामीच चाललोय."

मी पुढचं दार उघडलं तर म्हणाले, "पुढं नगं. मागं बस. मागनं चांगलं ऐकू येतंय."

काय ऐकू येतंय, ते मला पुढच्या दीड वर्षात पुरतं कळलं.

मामांचा एक शब्द फाउंड्रीत प्रसिद्ध होता. "परत." घासलेला भाग हातात घ्यायचा, काठावरून अंगठा फिरवायचा आणि मनासारखं नसलं की शिव्या नाहीत, उपदेश नाही, नुसतं "परत" म्हणून पुढे सरकवायचा. ग्राइंडरवाल्याने कितीही तोंड केलं तरी दुसरा शब्द नाही. चहा पाणचट असला तरी "परत". पुतण्याच्या लग्नात हाराची गाठ वाकडी बसली म्हणून भर मांडवात त्यांनी माळ्याला "परत" म्हटलं होतं आणि मुहूर्त थांबवून हार बदलून घेतला होता, असं मामींनीच मला सांगितलं. मामी हे हसून सांगत नव्हत्या.

हाच शब्द मामा स्वतःच्या गाडीलाही लावत होते. गाडी तीन सिलिंडरची, बरीच जुनी. माझ्या मते तिचा आवाज चांगला होता, शिवणयंत्र जरा जोरात चालल्यासारखा. मामांना तो पसंत नव्हता.

"ही बोलतच न्हाय गं," ते म्हणायचे. "नुसती कुजबुजतीया. तालमीत आमचे वस्ताद कधी ओरडले न्हाईत. नुसतं 'हं' म्हणायचे. आन् आख्खा आखाडा गप. तसा आवाज पायजे मला. जाडा."

गाड्यांचं सामान विकणाऱ्या एका दुकानात मी त्यांच्याबरोबर गेले होते. दुकानदाराने चकचकीत, तोफेच्या तोंडाएवढा सायलेन्सर काउंटरवर ठेवला.

"हे लावा मामा. सगळा चौक वळून बघंल."

"चौकाला बघून काय करू? मला मोठा आवाज नगं. जाडा पायजे."

"मोठा आन् जाडा एकच की वं."

"न्हाय," मामा म्हणाले आणि दुकानातून बाहेर पडले. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "त्यानं फरक सांगितला असता तर घेतलाबी असता." ते मात्र खोटं होतं. मामींनी आधीच बजावून ठेवलं होतं की स्वयंपाकघराची फरशी बसल्याशिवाय घरातला पैसा त्या नळीत जाणार नाही. तेव्हा जे करायचं ते भंगारातून आणि स्वतःच्या हाताने.

शिवाजी पेठेत त्यांच्या घराशेजारी एक बोळ होता. रविवारी सकाळी दोन विटांच्या थप्प्यांवर गाडीची चाकं चढवून मामा खाली झोपायचे. पहिले तीन रविवार त्यांनी नवीन काहीच लावलं नाही. जुनंच दुरुस्त केलं. पाइपच्या तोंडात ओलं फडकं दाबून धरायला मला सांगायचे, इंजिन चालू ठेवायचे आणि स्वतः ओला हात सगळ्या पाइपावरून, चटका बसणार नाही इतक्या अंतरावरून फिरवायचे. जिथे हाताला गरम फुंकर लागेल तिथे खडूची खूण. मला ती फुसफुस बाहेर उभं राहूनही ऐकू येत होती. हात कशाला फिरवताय, असं माझ्या तोंडापर्यंत आलं होतं.

चिरलेलं गॅस्केट बदललं, दोन भोकं वेल्डिंगने बुजवली, सायलेन्सर ज्यांवर टांगलेला असतो ते सैल झालेले रबर बदलले. एवढ्यानेच निम्मा खडखडाट गेला. दुसरा कुणी तिथे थांबला असता.

"परत," मामा म्हणाले.

मग भंगारबाजारातून एका मोठ्या गाडीचा टाकून दिलेला सायलेन्सर आला. तो कापून आतली भोकाभोकांची नळी मामांनी घासून स्वच्छ केली आणि तिच्याभोवती काचेच्या लोकरीचा थर गुंडाळला. ती लोकर अंगाला लागली की आठवडाभर खाज सुटते. मामा सोमवारी फाउंड्रीत हात खाजवत आले, पण समजावून सांगताना खाजवायचे थांबले. "ही लोकर बारीक आवाज खातीया. जाडा तेवढा सोडतीया. चाळणीगत."

मागचा पाइप थोडा मोठ्या व्यासाचा घातला. आवाज खाली आला खरा, पण ठरावीक वेगाला गाडी अशी घोंघावायला लागली की खिडकीच्या काचा थरथरायच्या. त्यावर त्यांनी जो उपाय काढला तो त्यांनी पूर्वी आमच्याच भट्टीच्या ब्लोअरवर पाहिला होता: मुख्य पाइपाला बाजूने एक हातभर लांबीची, दुसऱ्या टोकाला बंद असलेली नळी जोडायची. लांबी बरोबर जमली की नेमका तो घोंघाट मरतो. पण लांबी किती, ते कुणी सांगणार नव्हतं. मामांनी त्या नळीत एक सरकता बोळा बसवला आणि रोज सकाळी निघताना तो बोटभर पुढे नाहीतर मागे करायला लागले.

रोज पंचगंगेच्या पुलावर आमची परीक्षा असायची.

"आता?" मामा पुढून ओरडायचे.

"बारीक!" मी मागून ओरडायचे. त्यांची नजर आरशात माझ्यावर असायची.

"आता?"

"जाडा! पण मधेच घोंघावतेय!"

"किती वेळ?"

"पुलाच्या मध्यापासून शेवटापर्यंत!"

शेजारून जाणारे लोक आमच्याकडे बघत जायचे. मी इंजिनियर झाले ती धातूची तपासणी करायला, आणि रोज सकाळी एका सायलेन्सरला जाडा-बारीक म्हणत होते. पण खरं सांगते, मला ते आवडायला लागलं होतं. एवढ्या चिकाटीने कुणी काही करताना मी आधी पाहिलं नव्हतं.

असेच एकदा नाक्यावर थांबलो होतो. मी दार उघडून बसत होते, गाडी चालूच होती. मामा मागे वळून काहीतरी सांगत होते, सांगून झाल्यावर पुढे वळले आणि त्यांनी किल्ली पुन्हा फिरवली. चालू इंजिनावर स्टार्टर फिरला की लोखंडावर लोखंड दात खातं. असा कर्कश आवाज आला की स्कूटरवरची बाई दचकली, पानटपरीवाल्याने मान वर केली. मामांच्या चेहऱ्यावर काहीच नाही. त्यांनी अजून एकदा किल्ली फिरवली. मग पायाच्या तळव्याला काहीतरी जाणवलं असावं. त्यांनी हात काढला आणि गाडी गिअरमध्ये टाकली.

मी कबनूरची. माझे वडील चाळीस वर्षं यंत्रमागावर उभे राहिले. आमच्या घरात सगळे ओरडून बोलतात, पाहुण्यांना वाटतं भांडण चाललंय. कुकरच्या शिट्ट्यांवर शिट्ट्या होत असताना वडील शेजारी बसून शांतपणे पेपर वाचतात. त्यामुळे मला दुसऱ्या पुराव्याची गरज नव्हती, तरी मी एक आगाऊपणा केला. मागच्या सीटवरून, नेहमीच्या आवाजात, आरशात त्यांची नजर नसताना त्यांच्या पाठीला म्हटलं, "मामा, गाडीला आग लागलीय."

मामा निवांत गाडी चालवत राहिले.

फाउंड्रीच्या आवारात उतरल्यावर मी त्यांच्या समोर जाऊन उभी राहिले. "किती दिवस झाले मामा?"

त्यांची नजर माझ्या ओठांवर होती. मग ती खाली गेली.

"बारा-तेरा वर्षं असतील," ते म्हणाले. पहिल्यांदाच हळू बोलले, आणि ते हळूसुद्धा दहा माणसांना ऐकू जाईल इतकं होतं. "सगळं न्हाय गेलं. बारीक आवाज गेले. चिमण्या गेल्या. कुकर गेला. फोनची घंटी गेली. जाडं तेवढं ऱ्हायलंय. ग्राइंडरनं खाल्लं गं. आमच्या वेळी कानाला कोण काय लावत हुतं?"

"मग गाडी?"

"पायानं चालवतोय. इंजिन तळव्याला कळतंय. पण गिअर कवा बदलायचा ते पायाला नीट कळत न्हाय. आवाज जाडा झाला तर कानाला कळंल. म्हणून हे सगळं." मग माझ्याकडे बोट करून म्हणाले, "कुणाला सांगू नगंस. रिटायर व्हायला दोन वर्षं ऱ्हायल्यात माझी."

मी नाही सांगितलं. माझ्या वडिलांनीही मुकादमापासून असंच लपवलं होतं. ते लपवणं मला घरातल्या गोष्टीसारखं होतं.

पावसाळा सरता सरता तो बोळा एका जागी थांबला. पुलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत घोंघाट नाही, कर्कशपणा नाही. खालून येणारा एक भरीव, स्थिर आवाज, आणि बाहेर पूर्वीपेक्षा मोठा मुळीच नाही. मामांनी "आता?" विचारलंच नाही. पुढून नुसता त्यांचा हात गिअरवर गेला, बरोबर जेव्हा जायला हवा तेव्हा. फाउंड्रीत उतरताना मी बघितलं, दोन्ही पायांत चप्पल होती.

त्याच आठवड्यात नाक्यावर एका हवालदाराने आम्हाला अडवलं. त्याला आवाज वेगळा वाटला असावा. "सायलेन्सर बदललाय का?" त्याने विचारलं. मामा त्याच्या तोंडाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "शिरोलीला." हवालदाराच्या मिशा ओठांवर आल्या होत्या. मी घाईने मागची काच खाली करून सांगितलं की सडलेला होता म्हणून दुरुस्त केलाय, बघा, मोठा आहे का? त्याने मामांना खुणेने गाडी रेस करायला लावली, मागे जाऊन ऐकलं, पीयूसी बघितली आणि "जावा" म्हणाला. पुढे गेल्यावर मामा म्हणाले, "मिशावाल्यांचं काय कळत न्हाय बघ." आम्ही दोघं पुलापर्यंत हसत होतो.

आज वाटतं, आम्ही जरा जास्तच हसलो.

दिवाळीच्या आधीची गोष्ट. माल पाठवायची घाई होती. फेटलिंगच्या शेडमध्ये मामा पाठमोरे उभे राहून एक भाग तपासत होते. मागून फोर्कलिफ्ट उलटी येत होती, पुढे बिडाच्या भागांनी भरलेली जाळी. उलट येताना ड्रायव्हर बटण दाबतो आणि पीं-पीं असा भोंगा वाजतो. तो वाजला. मी लॅबच्या दारात होते आणि मला तो ग्राइंडरांच्या आवाजावरही ऐकू आला. मामा हलले नाहीत. ड्रायव्हरला वाटलं, ते सरकतील. मी किंचाळले, पण शेजारच्या ग्राइंडरवाल्याने त्याआधीच झेप घेऊन मामांना बाजूला ओढलं. मामा वाचले. त्याचं मनगट मात्र फोर्कलिफ्ट आणि टेबलाच्या मधे सापडलं आणि मोडलं.

संध्याकाळपर्यंत चौकशी झाली. ग्राइंडर चालू असताना भोंगा वाजला की नाही हे शेडमधला कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नव्हता. मामांना विचारलं तर ते म्हणाले, "मला न्हाय आला ऐकू." ते खरंच होतं. साहेबांनी त्याचा अर्थ लावला की भोंगा वाजलाच नाही. ड्रायव्हर तिशीचा, हातकणंगल्याकडून येणारा, कमी बोलणारा माणूस. "सायेब, मी बटण दाबलंतं," एवढंच तो परत परत म्हणत होता. त्याला दुसऱ्या दिवसापासून कामावर येऊ नको म्हणून सांगितलं.

मी तिथे होते आणि मी बोलले नाही. हे लिहिताना आजही जड जातं. मी ऐकला म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, मग मामांना कसा नाही आला?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी न विचारता पुढच्या सीटवर बसले. मामांना माझे ओठ दिसायला हवे होते.

"मामा, भोंगा वाजला होता."

गाडी अजून नाक्यावरच उभी होती. "तू ऐकलास?"

"ऐकला."

"कुठनं?"

"लॅबच्या दारातून."

त्यांनी मनातल्या मनात शेडचं अंतर मोजलं. "म्हंजे चाळीस पावलं. मी चार पावलांवर हुतो."

"मामा, मी आज साहेबांना सांगणार आहे."

"तू न्हाय सांगायचंस," ते म्हणाले. मला वाटलं, ते आता राहिलेल्या नोकरीची आठवण करून देणार. पण ते म्हणाले, "तुझं न्हवं ते काम." आणि गाडी सुरू केली. पूल कधी गेला ते कळलं नाही, इतकी त्यांनी जोरात आणली.

साहेबांच्या केबिनचं दार त्यांनी उघडंच ठेवलं. बाहेर टाइम ऑफिसात माणसं कार्ड पंच करायला उभी होती. मुद्दाम ठेवलं का, मला माहीत नाही. पण मामांच्या आवाजाला दाराची अडचण नव्हतीच.

"सायेब, भोंगा वाजलाता. मलाच ऐकू येत न्हाय. बारा वर्षं झाली. त्याला परत बोलवा."

"मामा, बसा. असं कसं? दरवर्षी कानाची तपासणी होते की तुमची."

"तपासणीची बाई बटण दाबताना मान खाली घालती. मी तिची मान बघून हात वर करतो."

साहेबांनी दाराबाहेरच्या रांगेकडे पाहिलं. मग समजुतीने म्हणाले, "तुमचं थोडंच राहिलंय हो. कशाला स्वतःवर घेताय? त्याला दुसरीकडे मिळेल काम."

"माझं दीड वर्ष ऱ्हायलंय. त्याची तीस वर्षं ऱ्हायल्यात. हे काम चुकलंय सायेब. परत."

ड्रायव्हर त्या दिवशी दुपारीच परत आला. मामांना शेडमधून काढून साच्यांच्या गोदामात बसवलं, तिथे फोर्कलिफ्ट येत नाही. उत्पादनाचा बोनस गेला. मामींना हे सांगायला ते घाबरत होते. मामी म्हणाल्या, "मला काय दहा वर्षं माहीत न्हवतं व्हय? तुम्हीच सांगायचं ऱ्हायलंता." ज्याचं मनगट मोडलं होतं त्याच्या घरी मामा प्लास्टर निघेपर्यंत दर रविवारी जात राहिले. बोळातलं काम तसंही संपलं होतं.

गोदामात गप्प बसतील तर ते मामा कसले. त्यांनी साहेबांच्या मागे लागून फेटलिंगच्या प्रत्येक माणसासाठी कानावर घालायचे मफ मागवून घेतले. खोकी आली, वाटप झालं, आणि दोन दिवसांत सगळे मफ खुंटीवर लटकत होते. घाम येतो. हाक ऐकू येत नाही. बैलाला झूल घातल्यासारखं दिसतं. मामा रोज जेवणाच्या सुट्टीत शेडमध्ये जायचे, खुंटीवरचा एकेक मफ काढून ज्याचा त्याच्या हातात द्यायचे. सुट्टी संपली की मफ परत खुंटीवर. तीन आठवडे हेच चाललं.

मग एके दिवशी ते मफांना हात न लावता सरळ जेवणाच्या बाकापाशी आले. दहा-बारा जण डबे उघडून बसले होते. मामांनी खिशातून फोन काढला.

"पुण्याला माझी लेक असती. तिची पोरगी चार वर्षांची. ती मला ह्याच्यावर बोलून पाठवती. माझं कानाचं मशीन अजून यायचं हाय, त्यामुळं मला कळत न्हाय. घरात कुणाला इचारलं न्हाय. तुम्ही ऐका आन् मला सांगा, ती काय म्हणती."

त्यांनी फोन बाकावर ठेवला आणि बटण दाबलं. एक बारीक, चिवचिवणारा आवाज आला आणि थांबला. कुणी मान वर करेना. ऐकू सगळ्यांना आलं होतं. मामा एकेकाच्या तोंडाकडे बघत होते.

शेवटी फोर्कलिफ्टवाला पुढे झाला. तो मामांच्या अगदी समोर उकिडवा बसला, ओठ नीट दिसतील असा, आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाला, "आजोबा. मी पडले. गुडघ्यातनं रक्त आलं. पण मी रडले न्हाय."

"पडली?" मामा म्हणाले. "कवा?"

त्याने फोनवरची तारीख बघितली. "पंधरा दिवस झाले मामा."

"पंधरा दिवस," मामा म्हणाले. "रोज रात्री फोनवर दिसती ती मला. काय म्हणती कळत न्हाय, म्हणून मी आपलं शाबास, शाबास म्हणत ऱ्हातो."

"मग बरोबरच म्हटलंसा की," फोर्कलिफ्टवाला म्हणाला. "रडली न्हाय म्हणती न्हवं."

मामांनी मान हलवली. फोन खिशात ठेवला, उठले आणि गोदामाकडे निघून गेले. एरवी ते मफ हातात द्यायचे, तेही त्यांनी केलं नाही.

सुट्टी संपल्याची घंटा झाली. डबे बंद झाले. मी लॅबच्या दारात उभी होते. मनगट मोडलेला तो ग्राइंडरवाला त्याच आठवड्यात कामावर परतला होता. तो खुंटीपाशी गेला, बऱ्या हाताने मफ काढला, झटकला आणि कानावर घातला. मग शेजारच्याचा काढून त्याच्या डोक्यावर बसवला. तो शेजारचा हसत "ए, ऱ्हाऊ दे" म्हणाला, पण काढला नाही. मग एकेक ग्राइंडर सुरू झाला.